बुटातला बटाटा आणि रंभाबाई

आमच्या खालच्या मजल्यावर रंभाबाई राहतात. पालिकेच्या शाळेत त्यांनी सारी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढली. वरचे वर्ग मिळत असताना घेतले नाहीत. का, असं विचारलं की म्हणतात, "मोठी पोरं खोटं बोलताना चेहरा सांभाळतात. पहिलीतल्यांना जमत नाही, म्हणून करमतं." निवृत्तीनंतरही कोळसेवाडीतली निम्मी पोरं संध्याकाळी त्यांच्या दारात असतात, आणि त्यांच्या आया अधूनमधून भांडायला.

माझा भाऊ प्रीतम मात्र बाईंकडे फिरकत नसे. त्याची सहा वर्षांची शिवानी घडाघडा वाचायची ना! हत्तीच्या गोष्टीचं पुस्तक उघडायचं, ओळीवर बोट ठेवायचं आणि सुटायचं. घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी शिवानीचं वाचन मिळे. जयंतीच्या दिवशी विहारात ती सगळ्यांसमोर वाचणार, हेही त्याने परस्पर जाहीर करून टाकलं. पोरीच्या हातात पुस्तक दिसलं की आमच्या घरात ऊर इतका भरून येतो की कुणी नीट बघतच नाही.

बाईंनी बघितलं. एकदा त्या वर आल्या तेव्हा शिवानीचं तोंड "तळ्यात उडी मारली" म्हणत होतं आणि बोट हत्तीच्या शेपटीवर होतं. बाईंनी तोंडभर कौतुक केलं. प्रीतम फोन घ्यायला बाहेर गेल्यावर त्यांनी चित्रावर हात ठेवला आणि एका शब्दाकडे बोट केलं.

"हा एकटा वाच."

शिवानीने आधी दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "बाबांना सांगू नका ना."

मला फार वाईट वाटलं. एवढीशी पोर, विहाराच्या भीतीने रोज पाठांतर पक्कं करत बसली होती.

"सांगायचं कशाला?" बाई म्हणाल्या. "आपण बाबांची गंमत करू."

दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. मीही कटात सामील होते, घराची किल्ली माझ्याकडे असते. पहिली चिठ्ठी होती, 'बाबांच्या बुटात बटाटा आहे.' शिवानीने ब बघितला आणि ठोकून दिलं, "बाबांच्या बुटात बॉल आहे." धावत जाऊन आली ती फुरंगटून.

"बॉल नाहीये तिकडे. बटाटा आहे."

"मग मी काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

तिने चिठ्ठी पुन्हा धरली. ब. टा. टा. सुटं सुटं, मग जरा भरभर, मग एकदम सगळं मिळून. तिचे डोळे मोठे झाले. बाई नंतर मला म्हणाल्या, "पहिलं अक्षर दिसलं की डोकं पुढे उडी मारतं गं. बुटात बटाटा असेल असं कोण धरून चालेल? म्हणून शेवटच्या अक्षरापर्यंत जावंच लागतं."

एका चिठ्ठीचा तिने पुन्हा अंदाजच केला आणि भलतीकडेच शोधत बसली. त्या दिवशी प्रीतमने ठाण्याच्या ऑफिसात डबा उघडला आणि चपात्यांवर रबराची पाल निघाली. संशय माझ्यावर आला. मी बोलणी खाल्ली, पण तोंड उघडलं नाही.

जयंतीच्या सकाळी शिवानीने बाईंना विचारलं, हत्ती वाचू का तुमची गोष्ट? बाईंनी एक गोष्ट स्वतः लिहून दिली होती, एकही चित्र नसलेली. "तुझं तू ठरव," एवढंच त्या म्हणाल्या. मला त्यांचा रागच आला. हत्ती बिनधोक होता.

विहार भरलेला. प्रीतम म्हणाला, "एकदम फास्ट वाच हं." शिवानीने माइकसमोर हत्तीचं पुस्तक खाली ठेवलं आणि बाईंचे कागद काढले.

"मा... क... डा... माकडाने."

लोक चुळबुळले. मागे कुणीतरी हसलं. प्रीतमचा चेहरा उतरला. "घरी किती मस्त वाचते रे, आज काय झालं हिला?" तो शेजारच्याला सांगू लागला. त्याला राहवेना, उठून स्टेजजवळ गेला. "शिवानी, हत्तीची वाच ना, ती येते तुला."

"ती पाठ आहे, बाबा," शिवानी माइकवरच म्हणाली. सगळ्या विहाराने ऐकलं. प्रीतम तिथेच खाली बसला.

"माकडाने आ... जोबांची क... वळी... कवळी प... ळवली. आणि..."

पुढच्या ओळीवर तिचं बोट सरकलं, ओठ नुसतेच हलले, आणि ती एकटीच खुदकन हसली. थांबेचना. विहारात चुळबुळ बंद झाली. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या पुढे वाकल्या. बाई सोडल्या तर आता त्या कागदावर काय आहे ते एकट्या शिवानीला माहीत होतं.

"आणि काय गं?" प्रीतमनेच विचारलं.

"थांबा ना बाबा," शिवानी म्हणाली, "वाचतेय."