वाडीचं मशीन

कुंदाताई परब कुणाच्याही घरी गेल्या की आधी एसीखाली उभ्या राहायच्या. यजमान चहाचं विचारायचे आणि या विचारायच्या, "ह्याचा गॅस शेवटचा कोणी भरला?" माझ्या साखरपुड्यातही त्यांनी सासऱ्यांना हेच विचारलं. सासरे त्यांना अजून एसी दुरुस्तीवाल्या बाईच समजतात.

खरं तर त्या सरकारी कचेरीत माझ्या वरिष्ठ. ओझोनचा थर विरळ करणारे गॅस हळूहळू बंद करायचे, असा जगातल्या देशांनी मिळून करार केला होता. तो भांडुपच्या दुरुस्तीच्या दुकानांपर्यंत पोचवणं हे आमचं काम. जुना एसी उघडला की मेकॅनिक आतला गॅस फुस्सकन हवेत सोडून देत. तो मशीननं ओढून सिलिंडरमध्ये भरायचा होता. "सही केली म्हणान गॅस थांबता काय रे?" ताई म्हणायच्या. रागावल्या किंवा खूश झाल्या की त्या मालवणीवर यायच्या.

मशिनं एका देशानं दिली, पैसे अनेक देशांच्या सामायिक निधीतून आले, शिकवायला श्रीलंकेचे एक गृहस्थ आले. सुरुवातीला भांडुपमधल्या मोजक्याच दुकानांना मशीन मिळालं. ती वापरात दिसली तरच बाकीच्या उपनगरांना मिळणार होती. काही महिन्यांनी पाहणीला तेच गृहस्थ आले, सोबत केनियाच्या एक बाई.

पहिलंच दुकान गुरवचं. तिथे मशीन देवाच्या तसबिरीखाली पाटावर विराजमान! अंगावरचं प्लास्टिक तसंच, वर हळदकुंकू आणि झेंडूचा सुकलेला हार. दसऱ्याला पुजलं ते पुजलंच. "मॅडम, एक ओरखडा नाही," गुरव अभिमानानं म्हणाला. "फॉरेनची वस्तू, बिघडली तर वाट लागेल ना!" पुढच्या दुकानांतही तोच थाट. आता कसली मिळतात बाकीची मशिनं, म्हणून माझा चेहरा पडला.

ताई मात्र पोट धरून हसल्या. परत गुरवकडे आल्या आणि म्हणाल्या, "लग्नाक टोप तू इकत घेतंस? वाडीचो आणतंस मा? परत कसो देतंस?"

"घासून," गुरव म्हणाला.

"मग ह्यां मशीन तुझां नाय, वाडीचां!"

कोकणात लग्नाची मोठी भांडी अख्ख्या वाडीची असतात, हे मी पाहुण्यांना समजावून सांगितलं. केनियाच्या बाईंनी टाळीच वाजवली. त्यांच्याही गावात पातेली अशीच घरोघर फिरत. श्रीलंकेच्या गृहस्थांनीही मान डोलावली. कराराच्या सभांमध्ये एकेका शब्दासाठी दिवस दिवस अडून बसणारी ही मंडळी टोपावर चटकन एकमत झाली, याची मला अजून गंमत वाटते. नियम तिथेच ठरला: मशीन पाटावर राहील, लागेल त्यानं न्यावं आणि पुसून परत आणावं. पाहुण्यांनी आणखी एका पाहणीपर्यंत मुदत दिली.

त्या पाहणीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं गुरवकडे गेलो. पाट रिकामा. मी ताईंच्या कानाशी लागलो.

"ताई, विकलं वाटतं यानं."

"गाढवा, जाग्यार नाय म्हणजे कामार आसा!"

गुरवनं सांगितलं, मशीन पलीकडच्या गल्लीत गेलंय, तिथून परस्पर स्टेशनजवळच्या दुकानात जाणार, नंबर लागलेत. ताई हसत होत्या, पण पदर डोळ्यांना लागला होता. बाकीची मशिनं मग मिळालीच.

ताई आता निवृत्त होऊन मालवणला गेल्यात. मला त्यांची फार आठवण येते. भांडुपला गेलो की गुरवच्या दुकानात डोकावतो आणि तिथूनच फोन लावतो. त्या माझी ख्यालीखुशाली विचारत नाहीत.

"पाट?"

"रिकामा."

"झकास," म्हणतात आणि फोन ठेवतात.