उतारावरचा डावा दांडा

माकणीच्या धरणावर बायको पाटीनं माती वाहायची आणि मी डोजरला ग्रीस मारायचो. ऑपरेटरच्या परीक्षेत साहेबांनी डोजर उतारावर घालून डावीकडं वळवायला सांगितला. डोजरला स्टिअरिंग नसतं, वळवायला दोन दांडे असतात. मी डावा दांडा ओढला आणि डोजर उजवीकडं जाऊन आखलेली चुन्याच्या फक्कीची रेघ मोडून गेला. सपाटीवर ओढलेल्या दांड्याकडं डोजर वळतो, उतारावर नेमकं उलटं होतं. नापास झालो.

पण सर्टिफिकेट घेतल्याशिवाय मी हटणार नव्हतो. सरावाला डोजर कोण देतंय? मग जेवणाच्या सुट्टीत भरावाच्या उतारावर बाभळीच्या दोन काठ्या रोवल्या, मधी बसलो आणि बायकोला पुढं उभं केलं.

"म्या काय डोजर हाय व्हय?" ती उखडली. तरी उतरायला लागली. ती "डावीकडं" म्हणायची. मी चुकून डावी काठी ओढली, की ती तरातरा उजवीकडं जायची आणि तिथून शिव्या घालायची. सगळा उन्हाळा असा काढला.

पुढच्या परीक्षेत पास झालो. पळत भरावावर येऊन तिला सांगितलं. तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली, त्या दोन काठ्यांच्या मधी जाऊन बसली आणि म्हणाली, "व्हा पुढं. आता म्या शिकते."