शाळा सुटताना

शाळा बघायची तर भरताना बघू नये, सुटताना बघावी, असं तिचं ठाम मत होतं. सकाळी सगळीच मुलं पेंगुळलेली असतात, त्यावरून काही कळत नाही, असं म्हणायची. म्हणून दुपारच्या रणरणत्या उन्हात छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन ती एखाद्या शाळेच्या फाटकासमोर फुटपाथवर उभी राहायची. मुलं बडबडत बाहेर पडतात की मान खाली घालून, वॉचमन कुणाला नावाने हाक मारतो का, बसमधली बाई लहानग्यांची बॅग हातात घेते की नुसतीच खेकसते, सगळं बघायची. इथे दुबईत शाळांची सरकारी तपासणी होते आणि शेरे मिळतात, त्यातला सगळ्यात वरचा शेरा म्हणजे ‘आउटस्टँडिंग’. "मी सगळ्या शाळा आउटस्टँडिंगच बघते," ती सांगायची, "बाहेर उभी राहून." हा विनोद तिने इतक्यांदा केला की आमच्या बिल्डिंगमध्ये तिचं नावच ‘आउटस्टँडिंग आंटी’ पडलं.

शारजातल्या अल नहदाला आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. ती वसईची, ख्रिस्ती. दुबईच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर होती. पहाटेची शिफ्ट करून दोनच्या आत मोकळी व्हायची, म्हणून तिला हे उद्योग जमायचे. बाईमाणसाला ‘बाय’ म्हणून हाक मारायची तिची पद्धत होती. मी नाशिकची, मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये ती म्हणाली, "कुठल्या फ्लॅटमध्ये आलात, बाय?" मला वाटलं, प्रश्न विचारून उत्तर न ऐकताच ही निरोप घेतेय. मीही घाईघाईने "बाय" म्हणून हात हलवला आणि चुकीच्या मजल्यावर उतरले. हा किस्सा तिने पुढे चार वर्षं जमेल तिथे सांगितला.

मला तिचा हेवा वाटायचा. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. अल क्वोजमधल्या एका मालवाहतूक कंपनीत मी ऑफिस सांभाळते. शाळांची माहिती मी रीतसर एक्सेलमध्ये भरली होती, शेरे, फी, बसचा वेळ, एका वर्गात मुलं किती, सगळं रंग देऊन. पण बिल्डिंगमधल्या बायका माझ्याकडे यायच्या त्या कढीपत्ता मागायला. शाळेचं विचारायला त्या तिच्याच दाराची बेल वाजवायच्या. माझा नवरा नितीनसुद्धा माझी शीट पाच मिनिटं वरखाली करून म्हणाला, "छान केलंयस. पण एकदा तिला विचार ना."

तिला हाक काय मारावी, हाही प्रश्नच होता. आंटी म्हणावं एवढी ती मोठी नव्हती आणि नुसत्या नावाने हाक मारावी एवढी लहानही नव्हती. ‘ताई’ शोभलं असतं, पण ताई म्हटलं की तिचं मोठेपण मान्य केल्यासारखं होईल, अशी मला तेव्हा भीती वाटायची. म्हणून मी तिला काहीच म्हणायचे नाही. "अहो, ऐकलंत का" वर चार वर्षं भागवली.

आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे आमची इरा. मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर, हे इथल्या प्रत्येक घरातलं रडगाणं आहे. मी म्हणायचे, "डबा का नाही संपवला?" ती म्हणायची, "आय वॉजन्ट हंग्री, मम्मा." आणि हीच मुलगी समोरच्या दारात उभी राहून आउटस्टँडिंग आंटीला सांगायची, "आंटी, आज भाजी कडू होती, मी टाकून दिली." स्वच्छ मराठीत. माझी मराठी शुद्ध, तिच्या मराठीत अर्धी हिंदी आणि वर हॉटेलातली इंग्रजी. पण आमची लेक मराठी बोलायची ती तिच्याशी. मी आत कांदा चिरत ऐकायचे आणि सुरी जरा जोरातच चालायची.

इरा आणि आउटस्टँडिंग आंटीची मुलगी फ्लेविया दुबईतल्या ऊद मेथाच्या एका इंडियन शाळेत एकाच वर्गात होत्या. दोघींची पहिली संपत आली तेव्हा मी ठरवलं की इराला ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या इंटरनॅशनल शाळेत घालायचं. तिला खरंच चांगली शाळा मिळावी, हे कारण होतंच. पण फ्लेवियाच्या आईला जे जमलेलं नाही ते आपण करून दाखवावं, हेही होतं. दोन्हींतलं कुठलं मोठं होतं, ते मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

शाळा बघायला मात्र तिलाच बरोबर नेलं. नितीनचा हट्ट. माझ्याकडे छापील बावीस प्रश्न होते. प्रवेश बघणारी इंग्लिश बाई आम्हाला स्विमिंग पूल, लायब्ररी, रोबोटिक्सची खोली दाखवत होती आणि मी एकेक प्रश्न सोडत होते. मध्येच ही म्हणाली, "मॅडम, टॉयलेट प्लीज. नॉट गेस्टवाला. चिल्ड्रनवाला." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती बाई थांबली, हसली आणि आम्हाला खरोखरच मुलांच्या टॉयलेटकडे घेऊन गेली. हिने नळ सोडून बघितले, आतल्या कड्या लहान हाताला पोचतात का ते बघितलं, सफाई करणाऱ्या नेपाळी बाईशी हिंदीत दोन शब्द बोलली. निघताना त्या इंग्लिश बाईने आधी हिच्याशी हात मिळवला. माझे बावीस प्रश्न माझ्या पर्समध्ये घडी होऊन पडले.

पुढचे दोन दिवस ती सवयीप्रमाणे त्या शाळेबाहेर उभी राहून आली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "टॉयलेट एक नंबर, बाय. टीचर लोक पण चांगली. पण नवीन पोरं गप्प बाहेर पडतात. तू इराला थोडी सांभाळ." मी त्यातलं टॉयलेट आणि टीचर एवढंच ऐकलं. बाकीचं मला तिचा जळफळाट वाटला. बेचाळीस हजार दिरहम फी, म्हणजे झाले की दहा लाख रुपये; तिला परवडत नाही म्हणून नाक मुरडतेय, असं मी नितीनला सांगितलं.

त्यात मला एक घबाड सापडलं. इराची दुसरी एप्रिलमध्ये सुरू झाली होती. जूनमध्ये नव्या शाळेचं पत्र आलं, सप्टेंबरपासून प्रवेश ‘इयर थ्री’मध्ये. थ्री! जेमतेम तीन महिने दुसरी केली आणि पोरगी थेट तिसरीत. चाचणीत एवढी चमकली की एका वर्षाचीच उडी मारली, असा मी अर्थ लावला आणि त्यावर दुसऱ्यांदा विचार केला नाही. रंगीत एक्सेल करणाऱ्या बाईने तो एक रकाना तपासला नाही.

फ्लेवियाच्या वाढदिवसाला बिल्डिंगमधल्या सगळ्या जमल्या होत्या. तिने वसईची पद्धत म्हणून फुगे तळले होते, ते गोल, फुगलेले, जरासे गोडसर पाव. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की इराला एक यत्ता पुढे घेतलंय. इराला जवळ ओढून म्हणाले, "आता तू फ्लेवियाच्या पुढे गेलीस हं." तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने तोंड उघडलं, "पण इयर थ्री म्हणजे तर..." आणि तेवढ्यात आउटस्टँडिंग आंटीने तिच्या ताटात दोन गरम फुगे टाकले, "आधी खाऊन घे, थंड होतात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "छान झालं, बाय." एवढंच. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलेलं मला दिसलं. मला वाटलं, जळाली. त्या दिवशी फुगे मला फारच चविष्ट लागले.

सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाली आणि दुसऱ्या आठवड्यापासून इरा गप्प झाली. आधी मला वाटलं, नवी शाळा, होईल सवय. पण ती घरी येऊन पांघरूण घेऊन पडायला लागली. विचारलं की, "आय डोन्ट वॉन्ट टू टॉक, मम्मा." टीचर म्हणाल्या, हुशार आहे, पण वर्गात तोंड उघडत नाही. शेवटी एक दिवस मी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेतली आणि शाळेच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिले. छत्री नव्हती. मुलं घोळक्याने बाहेर पडत होती, आणि सगळ्यात शेवटी, भिंतीच्या कडेकडेने, इरा. मान खाली. मला तिने बघितलंसुद्धा नाही. ती बसमध्ये चढेपर्यंत मी तिथेच उभी होते, आणि हाक मारायचं मला सुचलं नाही.

त्या संध्याकाळी इराला शाळेच्या बॅगेसकट घेऊन मी समोरची बेल वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा, कढीपत्त्यासाठी नाही. टीचरचं म्हणणं मी दारातच सांगितलं. तिने इराला ओट्यावर बसवलं, हातात बिस्किट दिलं आणि स्वतः भांडी घासत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "काय गं, वर्गात बोलत नाहीस म्हणे?"

आणि इरा मराठीत बोलली. "आंटी, मी दुसरी पूर्ण केलीच नाही ना. बाकी सगळ्यांनी केलीय. मी काही विचारलं तर त्यांना कळेल."

आंटीने हात पुसले. आतून फ्लेवियाची वही आणली, इराच्या बॅगेतली वही काढली आणि दोन्ही शेजारीशेजारी उघडून ठेवल्या. दोन्हींत तीच हातच्याची वजाबाकी होती. "हे बघ," ती म्हणाली. "ब्रिटिश लोक एक वर्ष आधी मोजायला सुरू करतात, आपल्या सीनियर केजीला ते इयर वन म्हणतात. त्यांची इयर थ्री म्हणजे आपली दुसरीच. तू काही सोडलेलं नाहीस. फ्लेविया दुसरीत, तू पण दुसरीत." मग तिने माझ्याकडे बघितलं. "हो ना, मम्मा? सांगितलंस ना तिला?"

मला ते त्या क्षणी कळत होतं. इराच्या बरोबरीने, ओट्याला टेकून उभ्या उभ्या. मी म्हणाले, "हो."

इराने दोन्ही वह्या पुन्हा बघितल्या, फ्लेवियाच्या वहीतली एक चूक शोधून काढली आणि हसली. मग ती आत फ्लेवियाशी खेळायला पळाली. मी विचारलं, "तुम्हाला वाढदिवसालाच माहीत होतं?" ती हो म्हणाली. मग सांगितलं का नाही, असं मी जवळजवळ भांडल्यासारखं विचारलं. भांडणाला माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

"चारचौघींत कसं सांगणार? तू किती खूश होतीस," ती म्हणाली. "नंतर एकटीला सांगू म्हटलं, तर तू दार लावून घ्यायचीस. पण पोरीला तरी मी सांगायला पाहिजे होतं. ती चूक माझी, बाय."

म्हणजे चूक कबूल करण्यातही ती माझ्या आधी. मी मान हलवली आणि घरी आले. लाज वाटली, पण खरं सांगते, त्याहून जास्त हेवाच वाटला. माझ्या मुलीच्या पोटातलं तिला विचारता आलं, भांडी घासता घासता.

त्या फेब्रुवारीत तिचं हॉटेल नूतनीकरणासाठी बंद झालं. तिला आणि तिथेच कामाला असलेल्या तिच्या नवऱ्याला, दोघांनाही नारळ मिळाला. मार्चमध्ये फ्लेवियाची परीक्षा झाली आणि एप्रिलला वसईच्या शाळेत तिची तिसरी सुरू झाली. बोर्ड तेच, पुस्तकं तीच, एक दिवस बुडाला नाही. तेव्हा मला समजलं की एवढ्या शाळांसमोर उन्हात उभी राहून तिने स्वतःच्या मुलीसाठी ती साधी शाळा का ठेवली होती. मी फोनवर विचारलं तेव्हा म्हणाली, "आपली नोकरी आपल्या हातात नाही. आत घेणारी शाळा सगळे बघतात. मी बघितलं, निघायची वेळ आली तर पोर कुठे अडकणार नाही ना." हे तिने इतक्या वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. मी तिची ऐपत काढत होते, आणि ती परतीची वाट मोकळी ठेवत होती.

निघायच्या दिवशी खाली टॅक्सी उभी होती. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. इरा तिच्या कमरेला मिठी मारून रडत होती, "आंटी, जाऊ नका," आणि मी बाजूला तिची एक बॅग धरून उभी होते. आपली मुलगी आपल्यासाठी कधी अशी रडेल का, हा विचार तेव्हाही माझ्या मनात आला. माझा स्वभावच मेला तसा. तिने माझ्या गालाला हात लावला. "येते, बाय." मला ताई म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आला होता. मी बॅग डिकीत ठेवली आणि म्हणाले, "पासपोर्ट घेतलात ना?"

इरा आता त्याच शाळेत आहे आणि एवढी बोलते की टीचर चिठ्ठ्या पाठवतात. माझ्याशी अजून इंग्रजीतच. वसईला फोन लागला की मराठी.

बिल्डिंगमधल्या नव्या बायका आता माझी बेल वाजवतात. एक्सेल मी दाखवत नाही. दुपारी सुट्टी मिळाली तर शाळांसमोर उभी राहून येते, छत्री घेऊन. तिच्यासारखं सगळं मला दिसत नाही, हेही कळतं आणि खुपतं.

गेल्या शनिवारी पुण्याची एक मुलगी आली होती, आठव्या मजल्यावर नुकतीच राहायला आलेली. सोबत तिच्या दोन मैत्रिणी आणि तिचा छोटा. सोफ्यावर टेकायच्या आधीच तिने सांगितलं की मुलाला एक यत्ता पुढे घेतलंय, दुसरीतून थेट इयर थ्री. तिचा चेहरा नुसता फुलला होता. एक मैत्रीण काही बोलणार, तेवढ्यात मी तिच्यापुढे चकल्यांची बशी धरली. तिघी जाताना छोट्याला एकट्याला कसं गाठायचं आणि त्याच्या आईला नंतर कसं सांगायचं, ते मी मनात ठरवूनही टाकलं. मग त्या मुलीकडे वळून म्हणाले, "छान झालं, बाय."

ती गोंधळली. पर्स उचलून उभी राहिली आणि म्हणाली, "निघू का आम्ही?"