माझी सवत, माजी राष्ट्राध्यक्ष

इतर बायकांच्या सवती निदान जिवंत तरी असतात. माझी सवत म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा देशाचा राष्ट्राध्यक्ष, तोही एकोणिसाव्या शतकातच मरून गेलेला. हसू नका. महिनाभर मी त्याच्यावर जळत होते.

झालं असं, की इथे आखातात, आमच्या ह्यांच्या जबल अलीच्या ऑफिसातला, त्या देशाचाच एक माणूस नोकरी सोडून घरी परत गेला. जाताना टेबल रिकामं करता करता त्याने या राष्ट्राध्यक्षाचं जाडजूड इंग्रजी चरित्र ह्यांच्या हातात ठेवलं. त्याच सुमारास ह्यांची कंपनीची गाडी, ह्यांच्या म्हणण्याप्रमाणे, गॅरेजला गेली आणि हे कंपनीच्या बसने जाऊ लागले. बसमध्ये वाचन सुरू झालं, मग ते घरात शिरलं.

आमचा डिस्कव्हरी गार्डन्सचा फ्लॅट लहान, पण संध्याकाळचा चहा आम्ही दोघं बाल्कनीत बसून घ्यायचो. अठरा वर्षांचा नेम. कोणाचा बॉस खडूस, कोणाच्या सासूबाई इथे येऊन राहिल्यात, सगळं तिथे बोलायचं. आता मी म्हणावं, "अहो, आज ना..." की हे सुरू, "अगं, पंधराव्या वर्षी शिकवायला लागला तो! काही विद्यार्थी त्याच्याहून मोठे!" मी कामवालीबद्दल बोलावं, तर हा बाबा डोंगर ओलांडून परदेशी पळालेला. तिथे दुकानात राबला, खाणीत राबला आणि पुढे देशाचा राष्ट्राध्यक्षच झाला. गावोगाव शाळा काढल्या म्हणे. काढ बाबा, माझं काय जातं! पण माझ्या नवऱ्याने माझं एक वाक्य तरी पुरं ऐकावं की नाही?

"मॉम, यू आर जेलस ऑफ अ डेड प्रेसिडेंट," मुलगी मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली.

हो, आहे! एक गोष्ट तर हे दर दोन दिवसांनी सांगायचे. राष्ट्राध्यक्षपद संपल्यावर तो म्हणे पुन्हा शाळाखात्यात नोकरीला लागला. "एवढा मोठा माणूस, पण खालच्या जागेवर बसायची लाज नाही वाटली त्याला." हे सांगताना आवाज असा मऊ व्हायचा! माझ्याशी त्या आवाजात बोलून किती वर्षं झाली, ते मी आठवत बसायचे.

शेवटी एका रविवारी मी ते पुस्तक पिठाच्या डब्यामागे दडवलं. म्हटलं, खलास.

सोमवारी सकाळी ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. सोफ्याच्या गाद्या उपसल्या, मुलीचं दप्तर उलटं केलं. बस यायला दहा मिनिटं राहिली होती.

"एक दिवस नाही वाचलंत तर काय आभाळ कोसळणार आहे?" मी फणकारले. "बोला की बसमध्ये जरा शेजारच्याशी."

हे मटकन खुर्चीत बसले. "शेजारी कोण असतं, माहितीये? मीच कामावर घेतलेली माणसं. माझी पोस्ट गेली गं. महिना झाला. मला वेअरहाऊसला टाकलंय. गाडी गॅरेजला नाही, काढून घेतली. पुस्तकात डोकं घातलं की कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही."

खरं सांगते, पहिल्यांदा उसळला तो मत्सरच. महिनाभर ह्यांचं दुःख त्या मेल्याजवळ, आणि मी आपली चहात आलं किसतेय! मुकाट्याने जाऊन पुस्तक काढलं, त्यावरचं पीठ पदराने पुसलं.

"मला का नाही सांगितलंत?" मी म्हटलं. "मी काय परकी आहे?" आणि लगेच माझ्याच तोंडून निघून गेलं, "मग आता कसं होणार हो आपलं?"

हे कसनुसं हसले.

"तो हे विचारत नाही," म्हणाले, आणि पुस्तकासाठी हात पुढे केला.