बडग्याच्या गळ्यातलं कार्ड

नागपूर स्टेशनावर मला पोचवायला आई, बाबा आणि धाकटा भाऊ मोहन आले होते. लग्न होऊन पंधरवडा झाला होता. नवरा खिडकीशी बसून घड्याळ बघत होता, जणू गाडी त्याच्या परवानगीसाठी थांबली होती. आईनं भिवापुरी तिखटाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि मुंबईच्या तिखटाला नुसता रंग असतो असं ठामपणे सांगितलं. ती मुंबईला कधी गेली नव्हती.  गाडी हलली तेव्हा खिडकीचा गज धरून बाबा सोबत चालायला लागले आणि म्हणाले, "दिवाळीले सारेच येते. तू मारबतीले येत जाय, पोरी."

नागपूरला आमच्या इतवारीत राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. माझ्यासारखे जे कुठून कुठून मुंबईत येऊन पडले आहेत, त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, आणि त्यांच्यासोबत गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे बांबू-कागदाचे पुरुषी पुतळे. रोगराई, महागाई, लबाडी, त्या वर्षी लोकांना जे नको झालं असेल ते बडग्याच्या गळ्यातल्या पाटीवर लिहायचं, "घेऊन जाय गे मारबत" असं घसा फुटेस्तोवर ओरडायचं आणि गावाबाहेर नेऊन सगळं जाळून टाकायचं. सगळं शहर वर्षातून एकदा रस्त्यावर येऊन आपल्याला काय नको ते सांगतं. एवढी शहाणी पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही.

बाबांचं स्टो आणि कंदील दुरुस्तीचं दुकान होतं, आणि आमच्या गल्लीचा बडग्या तेच करत. बांबूच्या कमच्या बांधून झाल्या, कागद चिकटवून झाले, की हात पुसत विचारायचे, "यंदा काय न्यायचं?" मी शाळेत असल्यापासून पाटीवरचा मजकूर माझा. एका वर्षी तुपातली भेसळ, एका वर्षी रॉकेलचा काळाबाजार. लग्नानंतरही दरवर्षी जात होते, आणि दरवर्षी बाबांचा तोच प्रश्न असे.

आता कार्डाकडे येते. बँकेनं आमच्या साहेबांना, म्हणजे यांना, क्रेडिट कार्ड दिलं ते त्र्याऐंशीच्या सुमारास. दिलं म्हणजे विकलं, आणि वर्षाला भाडं लावलं. त्या भाड्याला वार्षिक फी म्हणायचं. हे त्या दिवशी पेढे घेऊन आले. प्लास्टिकच्या एका तुकड्यासाठी पेढे. जेवताना कार्ड ताटाशेजारी ठेवून त्याच्यावर उठून आलेल्या नावावरून बोट फिरवत होते. पाळण्यात असताना आपल्या लेकरालाही त्यांनी इतक्या मायेनं हात लावला नव्हता.

या कार्डावर आमच्या नाक्यावर काय मिळत होतं? भाजी नाही, रेशन नाही, दूध नाही, मुलाच्या शाळेची फी नाही, डॉक्टरचं औषध नाही. एका साडीच्या दुकानात चालत होतं, पण तिथला शेठ कार्ड पाहिलं की किंमत वाढवून सांगायचा आणि वर हसायचा. मी विचारलं, "अहो, मग हे ठेवायचं कशाला?" तर म्हणाले, "अपघाती विमा असतो त्यावर." म्हणजे माणूस मेला तरच वसूल होणार. ऑफिसात ज्यांच्याकडे कार्ड होतं ते पाकीट जरा जास्तच उघडं धरत, आणि ज्यांच्याकडे नव्हतं ते बघत. फी त्या बघण्याची होती. नेमकी ती फी आणि माझं नागपूरचं जाण्यायेण्याचं तिकीट यांची रक्कम जवळजवळ सारखी, आणि दोन्हीची वेळ श्रावणातच यायची. पहिलं वर्ष ओढाताण करून दोन्ही निभावलं.

दुसऱ्या वर्षी यांनी वरिष्ठ साहेबांना आणि त्यांच्या बायकोला मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं. पापलेट, आइस्क्रीम, सगळं रुबाबात झालं. बिल आलं. यांनी कार्ड असं काढलं जसं काही पदक काढतात. वेटर ते घेऊन गल्ल्याकडे गेला. गल्ल्यावरच्या माणसानं बँकेनं बाद केलेल्या कार्डांची छापील पुस्तिका उघडून आकडे ताडून पाहिले, मग फोन फिरवत बसला. साहेबांची बायको बडीशेप चघळत छताकडे बघत होती. शेवटी तो माणूस येऊन अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, बँकेचा फोन लागत नाहीये. एवढ्या रकमेला विचारल्याशिवाय आम्हाला घेता येत नाही. कॅश द्याल का?" यांच्या खिशात टॅक्सीपुरते पैसे. यांनी टेबलाखालून माझ्याकडे हात पुढे केला.

माझ्या पर्समध्ये नागपूरच्या तिकिटाचे पैसे होते. दुसऱ्या दिवशी खिडकीवर जाणार होते मी. ते सगळे त्या हातावर ठेवले.

टॅक्सीत हे म्हणाले, "लाइन खराब होती, कार्डाचा काही दोष नाही."  त्या वर्षी मारबतीला मी मुंबईत होते. खिडकीत उभी राहिले तर खाली लोक एकमेकांना धक्का लागला की सॉरी म्हणत होते. कोणी काही ओरडत नव्हतं. मला त्या सभ्य शहराचा असा राग आला की खिडकी लावून घेतली.

पुढच्या श्रावणात बँकेचं फीचं बिल आलं. हे पेन काढून चेक लिहायला बसले. शरम नावाची वस्तू कार्डावर मिळत नसावी. मी चेकबुकावर हात ठेवला.

"फी भरा नाहीतर तिकीट काढा. दोन्ही होणार नाही."

"गेल्या वर्षी नाही गेलीस तर काय अडलं?"

"माझं अडलं."

यांनी पेनाला टोपण लावलं. मग हळूच म्हणाले, "परत केलं तर ऑफिसात कळेल गं." म्हणजे शेवटी हेच होतं. विमा नाही, सोय नाही, काही नाही. माझं माहेर या माणसानं ऑफिसातल्या लोकांच्या बघण्यावर तोलायला काढलं होतं. मला त्याची कीवसुद्धा आली नाही.

बँकेचा नियम होता की कार्ड नको असेल तर कापून परत पाठवा. मी शिवणाच्या डब्यातली कात्री आणली आणि त्यांच्यासमोर कापलं. त्यांनी मला थांबवलं नाही, नुसते बघत राहिले. एक तुकडा बँकेला पाठवला. दुसरा पर्समध्ये टाकला आणि तिकिटाच्या खिडकीवर गेले.

इतवारीत पोचले तेव्हा बाबा दुकानाच्या ओट्यावर कमच्या बांधत होते. हात थोडे कापत होते, ते मागच्या वर्षी कापत होते की नाही हे मला माहीत नव्हतं. बाजूला दोन पाट्या होत्या.

"दोन काहून, बाबा?" मी विचारलं.

त्यांनी पुढची कमची उचलली. आई आतून म्हणाली, "मागच्या साली कोरीच पाटी घेऊन गेला तुहा बाप. लोकं हसून राहिले होते. जाळाच्या वक्ती काढून घेतली अन् घरी आणली. म्हणे, पोरगी आली का सांगते."

मी ओट्यावर बसून रडले, चांगली हुंदके देऊन. मग पर्समधून तो तुकडा काढून बाबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून उलटासुलटा पाहिला.

"हे काय होय वं?"

"कार्ड होय. दर साली पैसे घेते अन् कामाच्या वक्ती तोंड फिरवते."

"म्हणजे वळख ठेवायचे पैसे घेते," बाबा म्हणाले, "अन् वळखत नाही." त्यांनी सुतळी घेतली आणि भोक पाडून तुकडा बडग्याच्या गळ्यात बांधला. जुन्या पाटीवर मी 'वार्षिक फी' असं लिहिलं. नव्या पाटीवर लिहिलं 'खोटा रुबाब'. गल्लीत कोणालाच कार्ड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तरी सगळे माझ्यासाठी ओरडले, "कार्ड-फार्ड घेऊन जाय गे मारबत." सगळ्यात मोठा आवाज माझा होता. जळताना त्याचा फार घाण वास आला.

आमचे साहेब आता चारचौघांत सांगतात की आम्ही तत्त्व म्हणून कार्ड ठेवत नाही. लोक माना डोलावतात. मी चहा ओतत असते. मुंबईत मी असं पुष्कळ गिळते, बायका गिळतात तसं, आणि घर कुठलं असं कोणी विचारलं की इमारतीचं नाव सांगते. त्या पत्त्यावर माझी पत्रं येतात, माझा मुलगा तिथे वाढतो, माझं दुखणंखुपणं तिथेच निघतं. पण तिथे मला काय नको ते आजवर कोणी विचारलेलं नाही.

बाबा मागच्या माघात गेले. या श्रावणात मी तिकीट काढलं. गाडीतून उतरले तर मोहन स्टेशनावर उभा होता, हातांना खळ लागलेली, कपाळावर कागदाचा कपटा चिकटलेला. माझ्या हातातली पिशवी घेण्याआधीच त्यानं विचारलं, "ताई, यंदा काय न्यायचं?"