वरची चूल, खालचं पाणी

मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली आणि आमच्या हिची झोपही बहुधा तिच्याच गाडीत बसून गेली. हिच्या येरझाऱ्यांनी फरशी इतकी झिजली की खालच्या मजल्यावरचे लोक दिसू लागले. शेवटी चिनी उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहून सांगितलं, "काकू, हृदय म्हणजे वरची चूल, मूत्रपिंडं म्हणजे खालचं पाणी. ऊब खाली उतरावी, गारवा वर चढावा. तुमच्यात दोघांचं येणंजाणं बंद पडलंय. रोज संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून बसा."

"आमच्या घरातल्या दोघांचंही तसंच आहे," ही माझ्याकडे बघत म्हणाली.

आज घमेल्यात पाय सोडून मटार सोलता सोलता हिची मान कलली. शेंग हातातच राहिली. माणसाच्या आतही असा देवाणघेवाणीचा शेजार असतो, या विचारानं मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. माझा आवाज एरवी तालुका ओलांडतो.

"आई झोपलीय," मी कुजबुजलो.

"खरंच? मग उठवू नका, बाबा."

घमेल्यातलं पाणी निवत चाललं होतं. मी त्यात कडेकडेनं गरम पाणी ओतत राहिलो.