दुबईचं घड्याळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आप्पांनाही नाही — आणि आप्पांपासून मी काही लपवत नाही, असं मीच सगळीकडे सांगत आलोय.

आप्पा, माझे वडील, सुरतेत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. पाळी संपली की युनियनची पत्रकं वाटायचे; मी वाचायला शिकलो तो त्यांच्यावरच. मग मलाही पत्रकं लिहायची खोड लागली. एकात मी ठणकावलं होतं — शिकलेल्यांनो, इथेच राहा, आपले हात परदेशाला विकू नका. ते वाचून गणेश मला शोधत सुरतेतल्या आमच्या वस्तीत, पर्वत पाटियाला आला. मूळ धरणगावचा, एका मिलच्या ऑफिसात कामाला. आम्ही दोघांनी फोनवरचं एक ॲप बनवायला घेतलं: कारखान्यात इजा झाली तर कामगाराने नाव न देता ती नोंदवायची.

कोडमध्ये बदल केला की त्यावर आपोआप शिक्का बसतो — कोणी केला, किती वाजता, आणि संगणकाचं घड्याळ कुठल्या देशाच्या वेळेवर होतं. नावं आम्ही खोटी घेतली होती. घड्याळाकडे कोण बघतं?

मी नाही बघितलं. आणि तेव्हा मी दुबईत होतो. एका कापड कंपनीत तीन महिन्यांचं काम, पगार उत्तम. गणेशला सांगितलं होतं — अमळनेरला मामांकडे आहे. त्या पत्रकानंतर दुसरं काय सांगणार होतो?

एका दुपारी लक्षात आलं, माझ्या चार नोंदींवर दुबईची वेळ उमटलीय. माझ्याकडच्या जुन्या प्रतीत मी चारही शिक्के बदलले आणि तीच प्रत आमच्या दोघांच्या सामायिक जागेवर जबरदस्तीने चढवली. तिथे मधल्या काळात नवं काही आलंय का, ते पाहिलंच नाही.

आलं होतं. गणेशने तीन रविवार कामगारांच्या खोल्याखोल्यांत फिरून, ते दुखणं कसं सांगतात ते विचारून, ॲपसाठी अहिराणी वाक्यं तयार केली होती. ती सगळी गेली. त्याच्याकडेही प्रत नव्हती — तो जेवणाच्या सुट्टीत मिलच्याच संगणकावर बसायचा, आणि काम पाठवलं की मालकाला दिसू नये म्हणून तिथलं पुसून टाकायचं, हा नियम माझाच.

त्याचा फोन आला. "भाऊ, मन्हं काम दिखी नही ऱ्हायनं."

मी म्हणालो, "पाठवताना तूच काहीतरी चुकलास, गणेश."

तो हसला. "हा, मन्हीच चूक व्हई. आमना पत्रकवाला थोडाच चुकस!" पुढचे तीन रविवार तो पुन्हा त्याच खोल्यांत फिरला.

मी काय केलं? एक जळजळीत पान लिहिलं: सगळ्यांनी आपलं घड्याळ शून्य वेळेवर, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर ठेवावं, आपण कुठे बसलोय हे जगाला कळायची गरज नाही. नियम चांगला आहे. मी तो आजही भांडून पटवीन. पण तो मी आधी कुणासाठी लिहिला, ते मला ठाऊक आहे.

आता मी सुरतेतच आहे. ॲप चालतं, लोक वापरतात, गणेश रोज भेटतो. मी सुखात आहे, खरंच. मला हे टोचत राहिलं असं म्हणालो, तर ते दुसरं खोटं होईल — महिनोन् महिने आठवतही नाही.

गेल्या रविवारी नवे सोबती आले होते. गणेश त्यांना शिकवत होता: पाठवण्याआधी दोनदा बघा, मी एकदा माझंच सगळं काम उडवलं होतं. सगळे हसले. मीही हसलो.

ते त्याने उडवलं नव्हतं. मी उडवलं.